माउस पॅडवरचा घोडेस्वार

रागीट म्हणून मी पहिल्यापासून बदनाम आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमधली ती दुपार आठवली की आजही डोकं तापतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी कळसहून एसटीने क्लासला यायची. आमच्या घराण्याने तोवर मेंढरंच राखली होती. कॉम्प्युटर शिकणारी मीच पहिली. साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगची जागा निघाली होती आणि सर्टिफिकेट असल्याशिवाय अर्ज घेत नव्हते. ती जागा मला हवीच होती.

क्लासमध्ये पहिल्या मशीनपाशी सरांचं लाडकं माउस पॅड होतं, त्यांच्या मेहुण्याने परदेशातून आणलेलं. त्यावर एक घोडेस्वार छापलेला. पांढरा घोडा पुढचे पाय उचलून उभा, स्वाराचा झगा वाऱ्यावर उडतोय, एक हात वर. सर त्याला रोज फडक्याने पुसायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बाजार उरकून मला न्यायला आले. चपला दाराबाहेर काढून आत शिरले आणि त्या पॅडपाशी थबकले. पांढऱ्या घोड्यावरचा देव म्हटला की आमच्यात खंडोबाच. त्यांनी माउस बाजूला सारला, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून पॅडवर वाहिला आणि हात जोडले. मी "आबा, नगा!" म्हणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सर धावत आले आणि घाईत माउस त्या हळदीवरूनच फिरवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

"अडाणी माणसं! घोडा दिसला की जोडले हात!" सर ओरडले. अख्खी बॅच हसली. मग त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "वडिलांच्या अडाणीपणामुळे मशीन बिघडलं असं लिही आणि सही कर. नाहीतर उद्या परीक्षेला बसायचं नाही."

"लिही पोरी," आबा हळूच म्हणाले. "चूक माझीच हाय."

ते मला सहन झालं नाही. मी माउस उलटा केला, खालची चकती फिरवून आतली रबरी गोळी बाहेर काढली आणि आबांकडे चिमटा मागितला. मेंढरांच्या खुरातले काटे काढायचा तो चिमटा कायम त्यांच्या कमरेला असायचा. आतल्या रुळांवरून मळाच्या काळ्याकुट्ट पट्ट्या निघाल्या, कित्येक महिन्यांच्या. हळद होती ती नखभर. सगळं मी त्या कोऱ्या कागदावर मांडलं.

"यातलं आमच्या आबांचं किती ते दाखवा सर. तेवढ्यापुरतं लिहून देते."

गोळी परत बसवली. बाण पळायला लागला.

सर वरमले, पण हटले नाहीत. आबांना म्हणाले, "अहो, तो देव नाही. फ्रान्सचा सेनापती आहे. अफाट फौज घेऊन बर्फातून चाल करून गेला होता."

"मग समदी माघारी आणली का?" आबांनी विचारलं.

"नाही. बहुतेक मेले. थंडीने, उपासमारीने."

उभा जन्म आबा दरसाल कळप चारायला कोकणात नेऊन माघारी आणत आले होते. एखादं कोकरू कमी भरलं तरी त्यांना जेवण जायचं नाही. त्यांनी पटक्याचं टोक पुढे ओढलं आणि पॅडवरचा भंडारा कणन् कण टिपून घेतला.

"माणसं वाटंत टाकून आलेल्याला भंडारा कशाला?" ते म्हणाले. "राहू द्या."

बॅच पुन्हा हसली, पण या वेळी आमच्यावर नाही. सरांनी मळासकट तो कागद उचलून टोपलीत टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये उद्या परीक्षेला. पण एकटी ये."

"दोघं येऊ," मी म्हटलं.

आणि दोघं गेलो.