इथला ताप, तिकडचा ताप

"जनावर बोलत न्हाई म्हणून आपण त्याची लोकर उलटून बघतो, माणूस बोलतं, म्हणून त्याला कुनी बघतच न्हाई."

हे पुष्पा एकदा बोलून गेली होती. पिंपरी पेंढारच्या भगवंतअण्णांच्या ओसरीवर, चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता. अण्णांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. गावाची आशाताई ती. बायकांच्या बाळंतपणाच्या तारखा आणि पोरांच्या लशी तोंडपाठ. पण बोलण्यात मेंढरं यायचीच. तिचा बाप सोनबा मेंढपाळ. दिवाळीनंतर त्याचा कळप खतासाठी अण्णांच्या रानात बसायचा, आणि आठ वर्षांची पुष्पा मेंढरांच्या कानामागं, जांघेत बोटं घालून गोचिड शोधत बसायची. पुढं तिचं घर एका जागी टेकलं. ती दहावी झाली, लग्न झालं. नवरा दत्ता दुधाची गाडी चालवतो. एवढ्या वर्षांत अण्णांच्या घरात मात्र ती ओसरीच्या पुढं कधी आली नव्हती. आत ये असं कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही ते मनावर घेतल्याचं दिसलं नाही.

गेल्या भाद्रपदात अण्णांच्या बायकोला, बयाबाईला, ताप भरला. अण्णांनी मुलाला फोन लावला. अमृत बारा वर्षं नेदरलँडमध्ये. तो म्हणाला, "बाबा, इथं तीन दिवस डॉक्टर तपासतसुद्धा नाहीत. तापाची गोळी घ्या, पाणी प्या, पडून राहा. ॲडमिट करायची वेळ आलीच तर आधी विमा कंपनीला फोन करा. त्यांच्या यादीतल्याच दवाखान्यात जायचं, नाहीतर सगळं अंगावर पडतं."

तो खोटं बोलत नव्हता. तिकडं तो स्वतः असाच तीनदा बरा झाला होता. आणि अण्णांना लेकाचं बोलणं हल्ली जरा उंचावरून आल्यासारखं वाटायचं. उंचावरून आलेल्या गोष्टीला माणूस सहसा मान वर करून उलट विचारत नाही.

चौथ्या दिवशी बयाबाई बडबडायला लागली. अण्णा ओसरीवर विम्याचं कार्ड हातात धरून फोनशी झगडत होते. एक दाबा, दोन दाबा, थोडं थांबा. यादीतला दवाखाना निघाला पुण्याचा. तेवढ्यात पुष्पा कुणाच्या घरी तापाचं माणूस आहे का ते विचारत आली. आतून कण्हणं ऐकलं आणि पायरीवर चपला काढून सरळ आत गेली. अण्णा मागोमाग.

"अण्णा, फोन ठिवा आन बाहेर व्हा जरा."

दाराआडून त्यांना दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. पुष्पा कानामागं बघत होती, काखेत बघत होती, लुगडं सैल करायला सांगत होती.

"अगं, मेंढरू समजलीस व्हय मला?" बयाबाई क्षीण आवाजात म्हणाली.

"मेंढरू गप बसतं, मावशी. गवताला कवा गेला व्हता?"

"झालं की धा-बारा दिस. बांधावरचं काढलं म्हशीला."

कमरेला, जिथं लुगड्याची गाठ बसते तिथं, विडीनं चटका दिल्यासारखा काळा डाग होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. म्हणून बयाबाईनं तो कुणाला सांगितलाही नव्हता.

दत्तानं दुधाचे कॅन अण्णांच्या अंगणात उतरवले आणि त्याच गाडीतून बयाबाईला जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कार्ड कुणी मागितलं नाही. डॉक्टरांनी डाग बघितला, रक्त घेतलं आणि म्हणाले, गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप आहे, याला साधी तापाची गोळी पुरत नाही. मग विचारलं, "डाग कुणी शोधला?" पुष्पा खिडकीबाहेर बघत उभी राहिली. तेव्हा अण्णांनी सांगितलं, "सोनबाच्या पोरीनं." बयाबाईचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

अमृत फोनवर रडला. "मीच चुकीचं सांगितलं," म्हणाला. पुष्पानं फोन हातात घेऊन सांगितलं, "चुकीचं न्हाई भाऊ. तिकडचं व्हतं."

दिवाळीनंतर तो आईला बघायला आला. आठ दिवस राहिला. परत निघायच्या सकाळी अण्णांनी पुष्पाला बोलावलं, तेही मधल्या खोलीत. पाट मांडला, बयाबाईनं तिची ओटी भरली. लुगडं अंगाला लावून बघताना पुष्पा थोडी हसली, लाजलीसुद्धा.

आणि मग बयाबाई देव्हाऱ्यातून गोळ्यांची पट्टी घेऊन आली. तिच्या तापावरच्याच त्या गोळ्या. जपून ठेवायला अण्णांनी एक पट्टी जास्तीची आणली होती. पट्टीला हळदकुंकू लावलेलं होतं.

"अमृतच्या आरोहीला तिकडं दोन दिस झालं ताप हाय," बयाबाई म्हणाली. "पाच वर्साची पोर. अमृतच्या बॅगेत ठिवते. तू फकस्त सांग, आख्खी द्यायची का अर्धी?"

पुष्पानं अमृतकडं बघितलं. "तिथला डॉक्टर काय म्हनतो?"

"थांबा म्हणतो. मीही आईला थांबाच म्हणालो होतो ना? या खेपेला मी नाही ऐकणार कुणाचं."

"पोर कुठं गवतात, रानात गेली व्हती?"

"नाही. गारठाच एवढा आहे. शाळा आणि घर."

"मग हा ताप तुमच्या डॉक्टरला ठावं. ही गोळी एवढ्या पोराला इचारल्याबिगर देत न्हाईत. मला न्हाई कळत तिथलं."

"अगं, तुझ्या हाताला गुण हाय," बयाबाईनं तिचा हात धरला. "तुझ्यामुळं मी हाय आज. तू म्हनशील ती पूर्व."

अण्णाही म्हणाले, "सांग पोरी, तुझ्याबिगर इस्वास कुनावर ठिवायचा?"

हे बोलताना अण्णांना तिचा चेहरा दिसला. इतका मान तिला या घरात कधी मिळाला नव्हता, आणि तो घेऊन कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं. बयाबाईनं तोवर पट्टी बॅगेत सरकवली, लाडवांच्या डब्याशेजारी.

पुष्पा पाटावरून उठली. वाकून बयाबाईच्या पाया पडली. मग बॅगेत हात घातला, पट्टी काढली आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत टाकली. अमृत पुढं झाला. अण्णांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि दारातून बाजूला सरले.

ओटीचं लुगडं छातीशी धरून ती ओसरी उतरली, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेली.