वरचे तृप्त, मुळं उपाशी

माळीबुवा झाडांशी बोलत नसत. झाडांशी बोलणारे माळी मासिकांत भेटतात. बुवा बोलायचे बायकोशी, तेही "नळ बंद कर" एवढंच.

हॉटेलच्या फाटकातला नीलमोहर त्यांनी नोकरीला लागल्यावर लावला होता. झाड वाढलं, बुवा वाकले. मग मालकांनी भली मोठी पाटी लावली, आणि रस्त्यावरून पाहिलं तर पाटीच्या जागी झाडच दिसे.

"हिरवं झाड तोडायला परवानगी मिळत नाही," मालक म्हणाले. "वाळलेलं तोडता येतं. समजलं ना, बुवा?"

"वाळेल कशाला? धडधाकट आहे."

"तेच तर म्हणतोय." मालकांनी स्वयंपाकघरामागच्या खोलीकडे पाहिलं. बुवा आणि त्यांची बायको तिथंच राहत. "तुमचंही वय झालं. दुसरा माळी आणायचा तर त्यालाही खोली लागणारच की."

बायकोचे गुडघे गेलेले, आणि जायला दुसरं छप्पर नाही. दुपारी पाहुणे जेवून सुस्तावले, तेव्हा बुवांनी बुंध्याची वीतभर साल गोल सोलून काढली, पार लाकडापर्यंत, आणि वरून गोणपाट गुंडाळलं.

"काय हो, झाडाला थंडी वाजते का?" आचाऱ्याने खिडकीतून डोकं काढलं.

"कंबर धरलीय त्याची."

"मग शेका की! चूल मोकळीच आहे."

असं झाड लगेच मरत नाही, हाच त्यातला छळ. पाणी आतल्या लाकडातून चढतं, म्हणून पानं टवटवीत. पण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, आणि ती वाट बुवांनीच तोडली होती. वरचे जेवून तृप्त, खाली मुळं उपाशी. तरी साठवणीतलं खाऊन ती वर पाणी धाडतच राहिली. बुवा तिकडे पाणी घालायला जात, पण मान वर करत नसत.

मोसम आला आणि झाडानं कहर केला. खाली न उतरलेलं सगळं वरच अडकलेलं. ते फुलांत ओतलं गेलं. पान दिसेना इतकी जांभळी फुलं. रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढू लागले, खोल्या भरल्या. मालकांनी पाटी दुसऱ्या बाजूला हलवली, वर तिच्यावर जांभळं फूल रंगवून घेतलं. पाहुण्यांसमोर त्यांनी बुवांच्या खांद्यावर हात टाकला. "आमच्या बुवांच्या हाताला गुण आहे!"

पाहुणे पांगल्यावर बुवा म्हणाले, "मालक, ते आतून गेलंय. तुम्हीच सांगितलं होतंत."

"अहो, मग आता थांबवा!"

"सोललेल्या केळ्याला साल परत चढवता येते का?"

"ते मला विचारू नका. माळी तुम्ही आहात."

तरी बुवांनी करून पाहिलं. त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या छाटल्या, जखमेच्या वरच्या आणि खालच्या सालीत पुलासारख्या खोवल्या, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी आवळल्या. काड्या वाळल्या. पानगळ झाली ती झालीच. पालवी फुटली नाही.

"वाळवा म्हणालो होतो, कबूल," मालक म्हणाले. "पण नंतर राहू द्या म्हणालो होतो की नाही? नोकराला मालकाचं शेवटचं बोलणं लक्षात ठेवता येत नसेल, तर खोली अडवून कशाला बसायचं?"

झाड तोडलं त्याच सकाळी खोली रिकामी करायची होती. बोचकी बाहेर आली. मालक एक रोप घेऊन आले.

"जाता जाता एवढं लावून जा. तुमच्या हातचंच हवं. पुढच्या वर्षी असंच फुललं पाहिजे."

पुढच्या वर्षी ते धड गुडघ्याएवढंही होणार नव्हतं. कुदळ घेऊन बुवा रागारागानं जमीन उकरू लागले, नुसती वरवर.

बोचक्यावर टेकलेली बायको म्हणाली, "अहो, खड्डा तरी नीट खोल खणा. त्या रोपानं तुमचं काय बिघडवलंय?"