गर्वाचं घर आणि मावशींचा अभिमान

माझ्या बाबांनी जन्मभर मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात शाळेत हिंदी शिकवली आणि तिथल्याच लालबागच्या घरात ते मराठी बोलले. लाल पेन त्यांच्या शर्टाच्या खिशातून कधी हललं नाही. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका काढायचे, मग मुहूर्त बघायचे. मी त्यांना 'चालतंबोलतं व्याकरण' म्हणायची. त्यांना ते आवडायचं, पण कबूल करतील तर शपथ.

त्यांच्या शाळेत एक मावशी होत्या. घंटी वाजवणं, खोल्या झाडणं, पाणी भरणं, सगळं त्यांच्याकडे. नोकरी बारा वर्षं कच्चीच, बाई मात्र पक्की. एकदा कुणी बडे पाहुणे आले होते. त्यांना भाषण उरकून निघायचं होतं, म्हणून त्यांच्या माणसानं सुट्टीची घंटी आधीच वाजवायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "घंटी घड्याळाची हाये, पाहुण्याची नाही." आणि पूर्ण दहा मिनिटं हातोडी धरून उभ्या राहिल्या. बाबा हा किस्सा आल्यागेल्याला सांगत.

दोन वर्षांपूर्वी मावशींना पक्कं करायचं निघालं. शाळेनं शिक्षण खात्याच्या साहेबांकडे त्यांच्याबद्दल शेरा पाठवायचा होता. सही मुख्याध्यापकांची, पण मजकूर लिहायचं काम बाबांकडे आलं, हिंदी त्यांची चोख म्हणून. बाबांनी मन लावून लिहिलं, "इन्हें अपने काम का बड़ा अभिमान है."

यादी लागली. मावशींचं नाव नव्हतं. विचारल्यावर कळलं, स्वभाव अहंकारी असल्याचा शेरा शाळेनंच दिलाय.

बाबा दिवसभर साहेबांच्या नावानं बोटं मोडत होते. साहेब नवे होते, रीवाकडचे, पक्क्या हिंदी मुलखातले. मी शेऱ्याची प्रत वाचली आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"बाबा, हिंदीत अभिमान म्हणजे घमेंड ना?"

आपल्या मराठीत अभिमान चांगला आणि गर्वाचं घर खाली. हिंदीत गर्वानं छाती फुगते आणि अभिमान माणसाला बुडवतो. आम्ही बऱ्हाणपूरवाले दोन्ही भाषा एकाच तोंडात ठेवतो, मग कधीतरी जीभ चावली जाते. गावातल्या कुणाला तो शब्द खटकलाही नसता. पण जीभ चावली कुणाची, तर बाबांची!

"तू मला हिंदी शिकवतेस?" ते कडाडले. मग कागद हातात घेतला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

मी म्हटलं, "मुख्याध्यापकांना सांगा, गुपचूप दुसरा कागद पाठवतील. तुमचं नाव कुठंच नाहीये त्यावर."

"चूक माझी आणि पांघरूण त्यांनी घालायचं? गाडी काढ."

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते साहेबांच्या ऑफिसात गेले. मी दाराशी उभी राहिले. आत चार-पाच बाबू होते, त्यातले दोघं बाबांचेच विद्यार्थी, एकेकाळी त्यांच्या लाल पेनानं पोळलेले.

"साहब, वह वाक्य मेरा लिखा है," बाबा म्हणाले. "मराठी में सोचा, हिंदी में लिख दिया. गर्व लिखना था, अभिमान लिख गया."

साहेबांनी वर पाहिलं. "आप पढ़ाते क्या हैं?"

"हिंदी."

एक बाबू फसकन हसला. मग सगळेच हसले. माझे कान तापले, वाटलं आत जाऊन एकेकाला झापावं. बाबा मात्र तसेच उभे राहिले. हसणं थांबल्यावर त्यांनी कोरा कागद मागितला, आपली चूक आणि दुरुस्ती दोन्ही लिहून काढली आणि खाली सही केली. 'अभिमान' या शब्दाखाली लाल रेघही ओढली, वहीत ओढायचे तशीच. माझा बाप मला त्या दिवशी जितका उंच दिसला तितका कधीच दिसला नव्हता.

पुढच्या यादीत मावशींचं नाव आलं. त्या मावा जिलेबी घेऊन घरी आल्या, तेव्हा बाबांनी हात जोडून सगळं सांगितलं. तोपर्यंत मावशींना एवढंच ठाऊक होतं, की तो शेरा बाबांनी लिहिला होता. तरी रोज अकराच्या ठोक्याला बाबांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवत होत्या.

"मावशी, एकदा तरी भांडायचं होतं माझ्याशी," बाबा म्हणाले.

"काहाले भांडू, सर?" मावशींनी जिलेबीचा पुडा माझ्या हातात दिला. "तुमी बराबरच लिहिलं होतं. मले अभिमान हायेच. कोन्या भाषेतला, ते साहेबानं पाहावं."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं वाक्य दुरुस्त केलं नाही.