बबिताबाईंच्या अकरा शाली

केजमध्ये बबिताबाईंकडे योग शिकलेली माणसं मोजली तर दीडशेच्या वर भरतील. आणि बाईंच्या ट्रंकेत शाली निघतील अकरा, डांबरगोळ्यांसकट. योग दिन आला की शाल, गुरुपौर्णिमा आली की शाल, महिला दिन आला की शाल. मे महिन्यात अंगाची लाही होणाऱ्या गावात बाईनं एवढ्या शालींचं करायचं काय, हे कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील? शाल घातली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या, सुटले एकदाचे!

वर्ग भरायचा पहाटे साडेपाचला, भगवानरावांच्या मंगल कार्यालयात. भगवानराव म्हणजे गावचे पुढारी. जागेचं भाडं घेत नसत, पण फलकावर त्यांचा फोटो एवढा मोठा, की शिकवतं कोण असा नव्या माणसाला प्रश्न पडावा. "विद्या विकायची नसती," असं त्यांनी पहिल्याच दिवशी माइकवरून सांगून टाकलं होतं आणि बाईंनी मान डोलावली होती. ती मान का डोलावली, याचा बाईंना चार वर्षं राग येत होता. भगवानरावांचा नव्हे, स्वतःचाच.

घर चालायचं ते दुपारच्या शिलाईवर आणि आई कडूबाईच्या दोन म्हशींवर. अशात जूनच्या सुरुवातीला पुण्याहून एका जिमवाल्याचा फोन आला. पगार देतो, खोली देतो, एकवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. झालं! बाईंची झोप उडाली. वर्गात सगळ्यांना आडवं करून "अंग सैल सोडा, मन शांत ठेवा" म्हणायच्या आणि स्वतः हॉलभर येरझाऱ्या घालायच्या.

शेवटी गीताबाईंनी एक डोळा उघडला. "बाई, तुमी टेका की जरा. तुमच्या पायाच्या आवाजानं आमचा जीव खालीवर व्हायलाय."

या गीताबाई साठीच्या, बागायतदाराघरच्या. दोन वर्षांपूर्वी भिंत धरधरून आल्या होत्या. आता खाली मांडी घालून ज्वारी निवडतात. त्यांच्याकडे बघितलं की बाईंचा पुण्याचा पाय मागं यायचा. घरी गेल्या, पिठाचा डबा बघितला, की पुन्हा पुढं पडायचा.

"जायचं तर जा, ऱ्हायचं तर ऱ्हा," कडूबाई करवादली. "पर आशी घरात ताक घुसळल्यावानी घुमू नको. शाल दळून भाकर व्हती का, सांग मला."

एकवीस तारीख उजाडली, योग दिनाची. आसनं झाली, भाषण झालं, आणि भगवानराव बारावी शाल उलगडून पुढं आले. बाईंनी हात आडवा धरला.

"मी ही शाल स्वीकारू शकत नाही," पुस्तकी मराठीत सुरुवात झाली. मग खरी भाषा बाहेर पडली. "मला फी पायजे. महिन्याला तीनशे. न्हाईतर उद्या मी पुण्याला चालले."

भगवानरावांनी शाल तशीच उलगडलेली धरली.

"बाई, योग ही सेवा हाय," भगवानराव म्हणाले.

"म्हशीची सेवा माझी आई बी करती. दूध डेअरीला घालती. डेअरीवाला तिला शाल घालीत न्हाई, दादा!"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. भगवानरावांचे कान लाल झाले. "मग हॉलचं भाडं लागंल."

"लावा. फलकावरचा फोटो तेवढा काढून घ्या."

भाड्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. फोटो आहे तिथंच आहे.

पण त्या वेळी हॉलमध्ये गीताबाई उठल्या, त्यांचा चेहरा पडलेला. "बाई, आमाला वाटायचं, गुरूच्या हातावर पैसे टेकवले तर गुरूचा अपमान व्हतो. म्हनून दर वेळी वर्गणी काढून शाल आणत होतो. ही बाराशेची हाय. तुमी कवा तोंडानं बोललाच न्हाई!" आणि मग अगदी साधेपणानं विचारलं, "तुमी तुमच्या गुर्जीला काय देत होता?"

बाईंची नजर समोरच्या शालीवर गेली.

"शाल," त्या म्हणाल्या. "आन् नारळ."

सगळा हॉल हसला. बाईंना मात्र हसू आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला 'येत नाही' म्हणून कळवलं. वर्गातल्या सत्तरातले तीस जण गळाले, चाळीस टिकले. ज्यांना झेपत नव्हतं त्यांनी कानात सांगितलं, त्यांना माफी मिळाली. महिना भरला, पैसे हातात आले, पण जिवाची तगमग काही थांबेना. गीताबाईंचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. एका रविवारी बाईंनी पैशांचं पाकीट पदरात बांधलं, बीडला एसटी बदलली आणि आष्टी गाठली.

आष्टीला सुंदरराव गुरुजी राहतात. बबिता पोर होती तेव्हा बापाची मेंढरं तिकडं लोकांच्या शेतात खतासाठी बसायला असायची. शाळेच्या ओट्यावर या माणसानं तिला तीन वर्षं योग शिकवला, रोज पहाटे चार मैल सायकल हाणत. मेंढपाळाच्या पोरीकडं त्यांनी कधी काही मागितलं नाही. तिथून कायमची निघताना तिनं त्यांना शाल घातली होती आणि ऋण फिटलं म्हणून खुशाल गेली होती.

गुरुजी अंगणात बसले होते, पार वाळलेले. तीच शाल चौघडी करून बुडाखाली घेतलेली. बाईंनी पाया पडून पाकीट पुढं केलं. वाटेत सगळी तयारी केली होती, गुरुजी नको म्हणतील, मग आपण असं म्हणू, मग तसं म्हणू.

गुरुजी नको म्हणाले नाहीत. पाकीट उघडून बघितलं, बंडीच्या खिशात नीट सारलं.

"लई दिवस लावलेस, पोरी," ते म्हणाले आणि तिला बसायला त्यांनी शालीची अर्धी घडी मोकळी करून दिली.