मल्लय्याअण्णांचे माग आणि माझा रेडिओ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या गल्लीत हा किस्सा माहीत नसलेलं एक माणूस उरलेलं नाही! सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे विजेच्या बाबतीत अख्ख्या सोलापुरात माझ्यापुढे कुणी बोलू नये, असं निदान माझं तरी मत होतं.

घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. सुरू व्हायचा झोकात, आणि थोड्या वेळानं करपट वास सोडून गप्प! बघावं तर फ्यूज उडालेला. नवा घातला, उडाला. वायर बदलली, उडाला. शेवटी आतला ट्रान्सफॉर्मरच नवा बसवला. स्वयंपाकघरात उघडा ठेवून तपासला, तर दुपारभर गात बसला. बाहेरच्या खोलीत जागेवर नेऊन ठेवला की मेला!

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बायकोचं, सुशीलाचं, गाणं रेडिओवर लागणार होतं. दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात! लग्नानंतर कितीतरी वर्षांनी गायली होती बिचारी. तिचे वडील वेळापूरहून खास ऐकायला येणार होते.

"अहो, मेकॅनिककडे न्या ना."

"मेकॅनिक? मग मी कशाला आहे?"

"तेच तर म्हणते मी!"

पण मला गुन्हेगार सापडला होता. शेजारी मल्लय्याअण्णांचा चादरींचा कारखाना. त्यांचे माग सुरू झाले की आमचे दिवे मंद व्हायचे. मग काय, गेलो तावातावानं.

"अण्णा, तुमचे माग माझा रेडिओ खातात!"

"माग सूत खातंय मास्तर, रेडिओ कशाला खातंय?"

मी कोळशानं त्यांच्याच भिंतीवर आकृती काढून व्होल्टेज समजावलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण माणूस लाखमोलाचा. म्हणाले, "वैनीचं गाणं हाय न्हवं? मग त्या टायमाला समदे माग बंद. आमी बी ऐकायला येतो की!"

तो दिवस आला. मी अर्धी रजा टाकली. सासरे आले, अण्णा आले, त्यांचे कामगार आले, खोली गच्च! सासऱ्यांना बसायला घालायचं काय? सुशीलानं रेडिओवरची नवी चादर ओढली आणि अंथरली.

हो, रेडिओवर चादर. हसता काय? सोलापूरची धूळ तुम्हाला माहीत नाही! आमच्याकडे ट्रंक, सायकल, शिलाई मशीन, सगळं चादरीखाली. रेडिओला तर प्रत्येक दुरुस्तीनंतर मी स्वतः चौघडी करून पांघरायचो, पुढची तबकडी तेवढी उघडी.

शेजारचे माग थांबले. सुशीलाचा आवाज आला, आणि खोलीत कुणी हललं नाही. सासऱ्यांनी फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला. "लेकीनं नाव काडलं!"

गाणं संपलं, कार्यक्रम संपला, रेडिओ ठणठणीत! मी उभाच राहिलो.

"बघितलंत? माग बंद, रेडिओ सुरू! याला म्हणतात विज्ञान!"

अण्णा ओशाळले. "मग आता रोजच बंद ठिवू का काय?"

"बघू पुढं," मी मोठ्या मनानं म्हणालो.

सासरे हात धुवायला उठले. मी चादर उचलली, झटकली, आणि चालू रेडिओवर नीट पांघरली. सगळे चहा पीत गप्पा मारत बसले. बातम्या झाल्या, नाट्यसंगीत लागलं... आणि तोच करपट वास!

रेडिओ गप्प. आणि शेजारचे माग? अजून बंदच!

सुशीलानं चादर उचलली. खाली रेडिओ तव्यासारखा तापलेला. सासरे म्हणाले, "जावईबापू, त्येला लई थंडी वाजत हुती व्हय?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात अण्णांनी चादरीचा काठ चिमटीत धरला, दारातल्या उजेडात निरखून पाहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मास्तर, तुमचंच खरं हाय. माज्याच मागानं खाल्ला तुमचा रेडिओ. ही चादर आमच्याकडचीच हाय की!"