सैल झाकण

गुन्हा का घडतो, हे मी कॉलेजात शिकवते. गरिबी, वाईट संगत, होरपळलेलं बालपण. यातलं एकही माझ्या वाट्याला आलेलं नाही.

काल दवाखान्यात औषधांच्या रांगेत तासभर उभी होते. आत नवऱ्याला धाप लागलेली. एक माणूस सरळ पुढे घुसला. मी हटकलं, तर हसला आणि पाठ फिरवली. माझ्या हातात पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. त्याच्या टकलाकडे बघताना हात वर कधी गेला, कळलंच नाही.

मागच्या आजी म्हणाल्या, "अगं पोरी, झाकण सैल आहे. पाणी सांडतंय."

गार पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. हात खाली आला.

आज वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग आपण का नाही करत गुन्हा?"

मला फक्त ते झाकण आठवलं.