सुलेमान मिस्त्रीचा दुसरा फोटो

राजिवड्याच्या किनाऱ्यावर सुलेमान मिस्त्री होड्या बांधायचा. पावसाळ्यात शाकारून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरली की आधी गळायचीच. त्याचा मेहुणा जमाल कुवेतहून परतून होडीचा मालक झाला होता. पहिल्याच वर्षी आत पाणी बघून तो ओरडला, "ओढा वर! फळ्या कुजल्या!"

सुलेमानने दोर धरून ठेवला. "गळू दे रे. लाकूड पाणी पिऊन फुगंल, सांधे मिटतील. सांजेला जी फळी गळंल ती कुजकी. आता तोडाय बसलास तर चांगलीपण तोडशील."

१९८६ साली सुलेमानला हृदयविकाराचा झटका आला. मग रंधा चार वेळा फिरवला तरी दम लागे. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हृदयाचा तो भाग जिवंत असेल तर ऑपरेशनचा उपयोग; मेला असेल तर हात लावायचा नाही. ते कळायला एक नवी तपासणी होती. मी शेजारचा शाळामास्तर; सुलेमानची बायको खतिजाभाभी मला म्हणाली, "मास्तर, तुम्हीपण जा. जमाल धांदरट हाय." म्हणून गेलो.

सुलेमानला सरकत्या पट्ट्यावर दमेपर्यंत चालवलं, रक्ताबरोबर हृदयात पोचून कॅमेऱ्याला दिसणाऱ्या थॅलियमचं इंजेक्शन दंडात दिलं आणि कॅमेऱ्याखाली झोपवलं. पडद्यावर हृदयाचं बांगडीसारखं उजळ कडं उमटलं. एक बाजू मात्र काळी.

जमालचा चेहरा उतरला. "संपलं मास्तर. मी एस.टी.ची तिकिटं बघतो."

"अहो, थांबा!" तरुण डॉक्टरीणबाई हसल्या. "रक्त कमी मिळतंय तिथे औषध उशिरा पोचतं. काळा भाग मेलेला आहे की नुसता उपाशी, ते आत्ता कसं सांगू? दुपारी दुसरा फोटो काढू; जिवंत असेल तर त्यात उजळेल. तोवर काही खायचं नाही."

सुलेमान बाकावर येऊन बसला. "जमाल, तू होडीपण अशीच ओढत होतास."

"ती होडी होती, सुलेमानभाय!"

"मग ही काय हाय? बस गप. माझं काळीज ऱ्हाऊ दे, पोट उपाशी हाय."

तो हसत होता, पण माझा हात त्याने सोडला नव्हता.

दुपारी पुन्हा पडदा उजळला. आम्ही दोघे काचेला नाक लावून उभे. ठिपके जमू लागले. सकाळी काळं होतं तिथे हळूहळू उजेड भरत गेला. शेवटी तळाशी नखाएवढाच डाग उरला.

"जिवंत आहे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढा तुकडा गेला. बाकीचं सगळं वाट बघतंय."

जमालने तिथेच मला मिठी मारली आणि माझा चष्मा वाकवला.

ऑपरेशन झालं. पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर जमालची होडी पाण्यात उतरली आणि नेहमीसारखी गळू लागली. नवे खलाशी घाबरून दोराकडे धावले. सुलेमान रंधा खाली ठेवून उठेपर्यंत जमाल कंबरभर पाण्यात शिरून ओरडत होता, "हात लावू नका! सांजेपर्यंत गळू दे तिला!"